दुर्बिणीतून शनीची कडी दिसत नाहीत, परत करू का? (तातडीचं)

गच्चीवाला:
लवकर सांगा मंडळी. नवी दुर्बीण, परवा जोडली. शनीवर धरली की मोठी पांढरी चकती आणि मध्ये काळा गोळा. बायको म्हणते हीच कडी. मला पटत नाही, कारण शेजारच्या ताऱ्यावर वळवली तरी तेच! खोक्यावर ५२५ पट छापलंय. सोसायटीतल्या १५ पोरांना शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला, कडी दाखवतो म्हणून सांगून बसलोय. माल परत करायची मुदत सोमवारपर्यंत.

व्याधाचा_कुत्रा:
कोणती दुर्बीण? आरशाची की भिंगाची? आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, किती मिमीचा? गाव कुठलं?

गच्चीवाला:
पांढरी, लांब नळीची. गावाचा काय संबंध?

स्क्रूवाले_काका:
आरसा सरकलाय. मागचे तीन स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवून बघा. माझ्या १९९८ च्या दुर्बिणीला हेच झालं होतं.

व्याधाचा_कुत्रा:
काका, थांबा! गच्चीवाले, स्क्रूला हात लावू नका. काळा गोळा अगदी मधोमध आहे की एका बाजूला?

गच्चीवाला:
मधोमध. आणि नळीवर ७६/७०० लिहिलंय. डबीत २०, १२.५ आणि ४ चे आयपीस, शिवाय ३ पट बार्लो (आयपीसआधी लावायचं, पट वाढवणारं भिंग). मी ४ आणि बार्लो लावलेत. जास्त मोठं दिसेल ना!

व्याधाचा_कुत्रा:
तिथेच घोळ आहे. ७०० मिमी हे आरशाचं फोकस-अंतर, त्याला आयपीसच्या ४ ने भागलं की १७५ पट, गुणिले ३ म्हणजे ५२५. कागदावर बरोबर, पण ७६ मिमी रुंदीच्या आरशाला १५० पटीच्या वर काही झेपत नाही. काळा गोळा म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली. तुमचा फोकस बसलेला नाही. बार्लो डबीत टाका, २० चा लावा. फोकसची चावी हळू फिरवा, चकती आकसत आकसत टिंब झाली की थांबा. चकती वाढायला लागली तर उलटी फिरवा. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून घ्या, सूर्याकडे मात्र चुकूनही नाही.

स्क्रूवाले_काका:
मधोमध असेल तर ठीक. आधी सांगायला काय झालं होतं?

पेठेतला:
कशाला हा खटाटोप? पुण्यात टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे चला. १९४४ पासूनची संस्था. मुंबईकर असाल तर वांगणीला खगोल मंडळाबरोबर रात्र काढा.

गच्चीवाला:
मी चिपळूणला आहे.

पेठेतला:
मग आधी सांगायचं!

मांडवीकाठ:
आम्ही गुरूचे चार चंद्र पहिल्यांदा पाहिले ते पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवर. रांगेत माझ्या मुलाने दुर्बिणीला कोपर मारलं आणि गुरू गायब. पोरांना तिपाईपासून हातभर लांब उभं करा.

द्विनेत्री_झिंदाबाद:
१० बाय ५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्यायला हवी होती. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, सगळं दिसतं.

व्याधाचा_कुत्रा:
शनीची कडी दिसत नाहीत त्यातून. आणि गच्चीवाले, यंदा फार आशाही धरू नका. मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, आताही जवळपास तशीच आहेत. साधारण १५ वर्षांनी असं होतं. मण्यातून टाचणी आरपार गेल्यासारखी रेघ दिसली तरी नशीब. दुर्बीण परत करू नका, तिचा दोष नाही. शनिवारी चंद्र अष्टमी-नवमीचा आहे, शनीच्या आसपासच. पोरांना आधी चंद्रावरची विवरं दाखवा, उजेड-अंधाराच्या सीमेवरची. सातला सुरू करा, शनी दक्षिणेला चांगला वर असेल. गुरू यायला साडेनऊ-दहा होतील.

राशीचक्र_८२:
माझी मेष, यंदाच साडेसाती लागली. कडी बारीक झाल्याचा काही फायदा?

स्क्रूवाले_काका:
कडी आणि पाकीट दोन्ही बारीक.

गच्चीवाला:
२० चा लावला. टिंब झालं!! रेघ नाही दिसली, पण बाजूला एक ठिपका आहे. तो काय?

व्याधाचा_कुत्रा:
टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र, असू शकतो. उद्या त्याच वेळी बघा, जागा बदलली असेल तर तोच.

मोबाइल_फोटोग्राफर:
आयपीसला मोबाइल बांधायला कोणता रबरबँड घेऊ?