स्कॅन झालेत ना? मग जुने कोश रद्दीत घालू का?

घंटाळीकर

आमची ठाण्यातली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, पुढची निदान तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत. फ्रीज कुठे राहील ते ठरलं. वडिलांचं कपाट कुठे राहील ते ठरत नाहीये.

कपाटात आहे ते असं: केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकी १९. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही विभाग, पुरवणी नाही. चित्रावशास्त्र्यांच्या चरित्रकोशाचे दोन भाग. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, १९४६चा. शिवाय किरकोळ बरंच.

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. ज्ञानकोश नेटवर आहे. दात्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच. विश्वकोश तर विश्वकोश मंडळानेच ऑनलाइन केलाय. गेल्या दहा वर्षांत मी हे कपाट उघडलं ते फक्त डांबरगोळ्या टाकायला. ज्ञानकोशाच्या विज्ञानेतिहासाच्या खंडात पेनिसिलिनसुद्धा असायचं नाही, कारण ते १९२८ला सापडलं आणि खंड त्याआधीचा.

ओळखीच्या तीन वाचनालयांना विचारून झालं. एक म्हणालं आमच्याकडेच दोन संच पडून आहेत. दुसऱ्याला कादंबऱ्या हव्यात. तिसऱ्याने फोन उचलला नाही. रद्दीवाला मात्र लगेच यायला तयार आहे.

माझं मत: मजकूर टिकला की झालं. कागदाचं ओझं पुढच्या पिढीच्या डोक्यावर देऊ नये. माझी मुलगी हे खंड उघडणार नाही, आणि ती उघडत नाही म्हणून तिला अपराधी वाटावं हेही मला नकोय.

खाडीपलीकडचा

ज्या ठाण्यात १८९३ साली वि. ल. भाव्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं, त्या ठाण्यात केतकर किलोवर! साहेब, राग मानू नका, पण वाचून पोटात कालवलं. केतकरांनी या कोशासाठी लिमिटेड कंपनी काढली होती, वर्गणीदार मिळवत हिंडले होते. बरं, भावना राहू द्या बाजूला.

'नेटवर आहे' म्हणजे कुणाच्या तरी सर्व्हरवर आहे, आज आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तिची ऑनलाइन ग्रंथसूची कित्येक आठवडे बंद होती. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटरनेट अर्काइव्ह काही दिवस बंद पडलं. आपल्या सरकारची डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया होती, तिची साइटच गेली. त्यातली पुस्तकं आज सापडतात ती दुसऱ्या कुणी तरी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून. आणि ते स्कॅन पाहिलेत का? पानं गाळलेली, नकाशा घडीसकट दाबून स्कॅन केलेला, कुठे पानाच्या जागी अंगठा.

शोधाचं म्हणाल तर १९६२च्या लेखननियमांआधीची पुस्तकं 'घरांत', 'देवळांत' अशी अनुस्वारानिशी लिहिलेली. तुम्ही आजच्या वळणाने 'घरात' टाइप केलं तर यंत्र बऱ्याचदा म्हणतं, असं काही नाही. जुन्या ठशांतली जोडाक्षरं तर यंत्राला धड वाचताही येत नाहीत. चुकीचा वाचलेला शब्द पुन्हा शोधायचा कसा?

राहिलं पेनिसिलिन. १९२०च्या सुमारास मराठी माणसाला जगाबद्दल काय ठाऊक होतं ते आजच्या कोशात कुठून मिळणार? १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, कॅम्बेलच्या संपादनाखालचं, त्यातले आकडे आज कुणाच्या उपयोगाचे? पण नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०ची. त्याआधीची खाडी, मिठागरं, भातखाचरं पाहायची तर असल्या 'कालबाह्य' पुस्तकांकडेच जावं लागतं.

कपाट क्रमांक सात

ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो. घंटाळीकरांच्या बाजूने लिहितोय, कारण ही बाजू सहसा कुणी उघड मांडत नाही.

लोक दान म्हणून आणतात ती बहुतेक वेळा घरातली अडगळ असते. वडील गेले, घर विकलं, पुस्तकं ग्रंथालयाला. त्यातल्या दहा पिशव्यांपैकी नऊ पिशव्यांतलं आमच्याकडे आधीच असतं. घेतलं तर दाखल नोंद, वर्गीकरण, रॅक, फवारणी. नाही घेतलं तर 'मराठीचं काय होणार' यावर भाषण ऐका. तो फोन न उचलणारा मी नव्हे, पण मला तो कळतो.

ज्ञानकोश दुर्मीळ नाही. त्याच्या चार प्रती योग्य तापमानात, कोरड्या हवेत राहिल्या तर पुरे. ठाण्याच्या ओल्या भिंतींना टेकलेल्या चारशे प्रती म्हणजे जतन नव्हे. ते फक्त न टाकणं झालं. १९५४च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबईच्या ठरलेल्या ग्रंथालयांना जाते. कायदा सगळे पाळतात असं नाही, आणि हे कोश त्याच्याही आधीचे. पण जपण्याचं काम संस्थांचं, वन बीएचकेचं नव्हे, हे तत्त्व मला पटतं.

खाडीपलीकडचा

काका, चारच प्रती आणि त्या संस्थांमध्ये? जानेवारी २००४ विसरलात? भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. सगळं एका छपराखाली ठेवलं की एक सकाळ पुरते. २६ जुलै २००५च्या पुरात तळमजल्यावरच्यांचं काय झालं ते इथे सांगायला नकोच. वेगवेगळ्या घरांत विखुरलेल्या प्रती हाच खरा विमा.

कपाट क्रमांक सात

विमा म्हणताय, हप्ता कोण भरणार? तुम्हीच भरा.

जुजबंदी

मी बांधणीचं काम करतो, वाद घालायला बसलो नाही. पण कुणी कागदाकडे बघतच नाहीये म्हणून लिहितो.

माझ्या हातून १८६०च्या आसपासची पुस्तकं जातात, पान अजून वाकतं. १९४०च्या दशकातलं पान घ्या, कोपरा दुमडला की तुकडा हातात. जुना कागद चिंध्यांचा. नंतर लाकडाचा लगदा आला, शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी. दमट हवेत तुरटीतून आम्ल होतं आणि ते कागदाचा धागा आतून खातं. आपल्या खाडीच्या हवेत हे आणखी लवकर. त्यात महायुद्धात कागदाची टंचाई, मिळेल त्यावर छपाई. म्हणून घंटाळीकर, तुमच्या कपाटातलं सगळ्यात आजारी पुस्तक बहुधा १९४६चा व्युत्पत्तिकोश असेल, त्याहून जुना ज्ञानकोश नव्हे. आधी त्याला बघा.

सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून अक्षरं घेऊन निघतो. फाटलं असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ. डांबरगोळ्यांनी ओल जात नाही, बुरशी त्यांना विचारत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. लॅमिनेशन तर कुणी फुकट करून दिलं तरी नको. आणि स्कॅनवाल्याला द्याल तेव्हा आधी विचारा, कणा कापणार का? कापला की जुजबंदीची, म्हणजे पानांच्या घड्या एकत्र धरणारी, शिलाई गेली. नंतर माझ्याकडे येऊन रडतात.

सानपाडा पूर्व

एक बाळबोध प्रश्न. घरी स्कॅन करून नेटवर टाकणं कायदेशीर आहे का?

कपाट क्रमांक सात

लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. केतकर १९३७ला गेले, ज्ञानकोश केव्हाच मोकळा. शब्दकोशाला संपादक अनेक, प्रत्येकाचं साल तपासून मगच टाका.

घंटाळीकर

काल रात्री फोटो काढायला म्हणून कपाट उघडलं. शब्दकोशाच्या 'ख'वर पान आपोआप उघडलं, कारण मध्ये एसटीचं जुनं तिकीट होतं. 'खाजण' (खाडीकाठची खारी जमीन) या शब्दाशेजारी समासात वडिलांचं बारीक पेन्सिलीतलं अक्षर. वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या गावांची नावं आणि तिथे खाजणाच्या बांधाला काय म्हणतात, बांधातून पाणी सोडायच्या उघाडीला काय म्हणतात. वडील त्या पट्ट्यातल्या शाळेत शिकवायचे, सेक्टर पडायच्या आधी. वर्गातली आगरी पोरं सांगायची ते लिहून घेतलेलं दिसतंय. मला हे माहीतच नव्हतं. मग पहाटेपर्यंत पानं उलटत बसलो. सातही विभागांत आहे, कुठे एकच शब्द, कुठे आख्खा समास भरलेला.

शिकागोच्या साइटवर हे नाही, कबूल. शब्दकोश मी ठेवतोय, भाड्याच्या घरातही. ज्ञानकोशाबद्दल मात्र मत तेच. त्यात काहीच लिहिलेलं नाही, पानंसुद्धा काही ठिकाणी अजून कडेला जोडलेलीच आहेत, कापून सुटी केलेली नाहीत. बहुधा त्यांनीही तो फार वाचला नसावा!

कपाट क्रमांक सात

ठेवताय ते ठीक, पण नुसते ठेवू नका. हाच संच स्कॅन करा, बिनखुणांची प्रत काय, कुणालाही मिळेल. आणि रंगीत किंवा करड्या मोडमध्ये करा. काळं-पांढरं ठेवलंत तर छापील अक्षर झकास येईल आणि पेन्सिल उडून जाईल. आमच्याकडे एका संग्रहाचं असंच झालं, समास कोरे आले. कळलं तेव्हा मूळ प्रती देऊन टाकलेल्या होत्या.

खाडीपलीकडचा

ज्ञानकोशाचे कुठले चार खंड नाहीत?

घंटाळीकर

३, ९, १४, २२.

खाडीपलीकडचा

माझ्याकडे एक सुटा आहे, वाशीला पदपथावर मिळालेला. अकरावा.

घंटाळीकर

तो आहे आमच्याकडे.

खाडीपलीकडचा

मग माझ्याकडे दोन होतील. काका म्हणाले ना हप्ता भरा, भरतो. रविवारी टेम्पो घेऊन येऊ का? ऐरोलीत घर लहान आहे, पण एक भिंत कोरडी आहे.

जुजबंदी

खोक्यात आडवे ठेवून आणा. कण्यावर उभे करू नका.

घंटाळीकर

या. तिसरा मजला आहे, आणि लिफ्ट कालपासून बंद केलीय. दोन माणसं जास्त आणा.