पहिल्या वर्षाच्या खो-खो खेळाडूंची पारख नेमकी कशावरून करावी?

मैदानकरी, धाराशिव

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक आहे. यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींपैकी चौदा जणी खो-खोसाठी मैदानावर आल्या. एका वर्षी इतक्या नव्या मुली येण्याची आमच्याकडे ही पहिलीच वेळ. खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून आमच्या भागात मुलीला खो-खोला पाठवा म्हणून घरोघर विनवण्या कराव्या लागत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि त्यानंतर तर काही वडील स्वतः दुचाकीवरून मुलीला मैदानावर सोडायला येऊ लागले आहेत.

अडचण वेगळीच आहे. "यंदाची बॅच कशी आहे?" असे प्राचार्यांनी विचारले असून त्यांना उत्तर लेखी हवे आहे. चौदांपैकी तिघींकडे राज्यस्तरीय शालेय स्पर्धेचे प्रमाणपत्र आहे, पाच जणींकडे जिल्हास्तरीय आहे आणि सहा जणींकडे काहीच नाही. मी सर्वांची ३० मीटर धाव, १० मीटरच्या चार फेऱ्यांची शटल धाव आणि जागेवरून लांब उडी अशी चाचणी घेतली. सर्वांत वेगवान निघालेली मुलगी, ३० मीटरला ४.९ सेकंद, ही प्रमाणपत्र नसलेल्यांपैकी आहे; पण सराव सामन्यात ती पंधरा-वीस सेकंदांत बाद होते. उलट ५.६ सेकंद घेणारी, राज्यस्तर खेळलेली मुलगी दीड मिनिट सहज संरक्षण करते. तिसरी एक आहे, जी सुरुवातीला सुरेख खेळते आणि दुसऱ्या डावात कमरेवर हात ठेवून उभी राहते. तिच्याविषयी इतर मुली "आळशी आहे" असे म्हणतात.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ऑक्टोबरमध्ये आहेत. संघ बारा जणींचा, त्यांपैकी सात जुन्या, म्हणजे जागा पाच. निवड करताना आजची कामगिरी पाहावी की दोन-तीन वर्षांनंतरची शक्यता? आणि शक्यता पाहायची झाल्यास ती मोजायची कशाने? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, परभणी

सर, प्रमाणपत्रापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे सगळा घोळ तिथेच होतो. संघात बारा नावे असतात आणि मैदानात नऊ उतरतात, पण प्रमाणपत्र बाराही जणींना सारखेच मिळते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्यामुळे त्या कागदाला घरात सोन्याची किंमत असते आणि तो मिळवण्यासाठी काय काय होते ते आपण सर्वजण जाणतो. त्यात मुलीचा दोष नाही. म्हणून प्रमाणपत्र बाजूला ठेवून तिला दोनच प्रश्न विचारावेत: "आक्रमणात तू कितव्या चौरसात बसायचीस?" आणि "पळतीला, म्हणजे संरक्षणाला, तिघींच्या कितव्या तुकडीत उतरायचीस?" जी खरोखर खेळली आहे ती प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देते आणि वर तिच्या शेजारी कोण बसायचे तेही सांगते. जी राखीव होती ती क्षणभर छताकडे पाहते. माझ्या अनुभवात ही चाचणी स्टॉपवॉचपेक्षा कमी वेळा फसली आहे.

दुसरे, सराव सामना पाहताना आपली नजर पळणाऱ्या मुलीवर असते. ती काही दिवस बसलेल्या आठ जणींवर ठेवून पाहा. चौरसात बसलेली मुलगी खो मिळण्याआधी काय करते यात तिचा निम्मा खेळ दिसतो. तिच्या टाचा उचललेल्या आहेत का, वजन पुढच्या पायावर आले आहे का, आणि तिचे डोळे संरक्षकाच्या चेहऱ्यावर आहेत की कमरेवर? चेहरा हुलकावणी देतो, कंबर देत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, धावायला अगदी साधारण. पण पाठीमागून हात लागताच ती अशी निघायची की खो देणारीचा आवाज आणि हिचे पहिले पाऊल एकदमच व्हायचे. खो मिळण्याआधी उठणे हा नियमभंग, आणि मिळाल्यावर अर्धा सेकंद घालवणे म्हणजे हातातला गडी सोडणे. या दोहोंच्या मधली जी फट आहे ती तिला उपजत सापडलेली होती. पुढे ती विद्यापीठ संघात गेली.

आता आपली वेगवान मुलगी. ती का बाद होते हे मी न पाहता सांगू शकतो: ती पळून जाण्याचा प्रयत्न करते. खो-खोत पळून जायला जागाच नसते. आक्रमक मुलीला मध्यपाटी, म्हणजे बसलेल्या मुलींची मधली पट्टी, ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही, एवढ्या दोन बंधनांवर संरक्षणाचा सारा डोलारा उभा आहे. ज्या मुलीच्या अंगात हे मुरले आहे ती दोन बसलेल्या मुलींच्या मधून अलगद पलीकडे जाते आणि समोरच्या संघाला नवा खो द्यायला लावते. म्हणून तिला महिनाभर पळवू नका, चालवा. पूर्ण मैदान मांडून, आक्रमण आणि संरक्षण दोन्ही चालीच्या वेगाने करायला लावून, एकेरी साखळीचा, म्हणजे बसलेल्या एकेका मुलीला वळसा घालत जाण्याचा, रस्ता तिच्या पायांना पाठ करून द्या. एकेरी साखळी शिकवता येते, ५.६ सेकंदांचे ४.९ करणे मात्र त्या वयात फार अवघड. शक्यता मोजायची ती अशी, की काय कमी आहे आणि जे कमी आहे ते मैदानावर शिकवता येण्यासारखे आहे का.

हिरकणी, लातूर

सरांचे चौरसाविषयीचे निरीक्षण मी उद्याच वापरणार आहे. मी लातूर जिल्ह्यात महिला महाविद्यालयात हेच काम करते आणि मला त्या तिसऱ्या, "आळशी" ठरवलेल्या मुलीविषयी लिहायचे आहे.

कृपया तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मग आपल्या चौदांमध्ये तो एकीलाही नसेल असे मानण्याचे काही कारण नाही. दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. अशी मुलगी पहिल्या काही मिनिटांत कोणाला हार जात नाही, कारण छोटी झेप आणि छोटी धाव यांना प्राणवायूची तितकी निकड नसते; ती मागे पडते ती दोन झेपांच्या मधल्या वेळेत, जेव्हा इतरांचा श्वास खाली बसतो आणि हिचा बसत नाही. मी स्वतः एका मुलीला दोन महिने सर्वांसमोर बोलले होते. तिचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गोळीनंतर लगेच चहा घ्यायचा नाही हे पथ्य तिच्या आजीने काटेकोरपणे पाळून घेतले. दिवाळीनंतर तीच मुलगी तिसऱ्या तुकडीत नाबाद राहू लागली. मी तिची माफी मागितली, पण ते दोन महिने तिला परत देता आले नाहीत.

जागेवरून लांब उडी घेतलीत हे उत्तम. आता अंतर लिहून झाल्यावर मुलगी जमिनीवर कशी उतरते तेही पाहा. उतरताना दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांकडे येत असतील, तर खांबापाशी वळताना आणि सूर मारून उठताना तिच्या गुडघ्यावर नको तो ताण येणार. गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण अशा वळणाच्या खेळांत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असते, आणि योग्य उतरण्याचा सराव दिल्यास ते कमी करता येते. रोजच्या सरावाआधी पंधरा मिनिटे पुरतात. सूर शिकवण्याची घाई मात्र करू नका, विशेषतः आपल्या मुरमाच्या मैदानावर. मॅटवर पाहिलेला सूर मुलींना मुरमावर मारावासा वाटतो आणि कोपर सोलून घेतल्यावर पुढे वर्षभर ती भीती जात नाही.

आणखी एक प्रश्न: या मुली गावाहून एसटीने येतात का? माझ्याकडील सकाळच्या सरावात मरगळलेल्या वाटणाऱ्या चार मुली पहाटे साडेचारला उठून, स्वयंपाकाला हात लावून, उपाशीपोटी येत होत्या. सराव दुपारी घेतला आणि मूठभर शेंगदाणे-गूळ दिला, तर माझी अर्धी "कमकुवत बॅच" सुधारली.

कोयता आणि शिट्टी, बीड

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरी थोडा विरोध नोंदवतो. दोन-तीन वर्षांची शक्यता, असे आपण म्हणता. पण आमच्याकडे दोन-तीन वर्षे असतात कुठे? माझ्याकडे गेल्या वेळी अकरा नव्या मुली आल्या होत्या. दसरा झाला, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या घरांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि तिघी आईवडिलांच्या मागे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसल्या. एकीचे लग्न ठरले. दोघी पोलीस भरतीच्या मागे लागल्या. त्यांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक एवढेच दिसते, आणि त्यांना मी दोष देणार नाही. दुसऱ्या वर्षी मैदानावर उरल्या पाच. नेमक्या स्पर्धांच्या हंगामात आमची मैदाने ओस पडतात, हे पारख करताना कोणत्या रकान्यात लिहायचे?

म्हणून माझा सल्ला असा की यंदाच खेळवा. जी मुलगी पुढच्या वर्षी असेल की नाही ठाऊक नाही तिला राखीव बसवून "तू पुढच्या वर्षी खेळशील" असे सांगणे हे तिच्याबाबतीत बहुधा खोटेच ठरते. स्पर्धेतील एक डाव, मग तो वीस सेकंदांचा का असेना, घरच्यांना दाखवण्यासारखा असतो, आणि काही घरांत तेवढ्याने निर्णय बदलतो.

मात्र कोणाला "साधारण" असा शेरा देऊन मोकळे होऊ नका, एवढे आमच्या जिल्ह्याकडे पाहूनच सांगतो. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे यांचेच पाहा. बारावीनंतर ते सैन्यात गेले, सियाचीनमध्ये तैनात राहिले आणि सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतीतून त्यांचे धावणे गंभीरपणे सुरू झाले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले, आणि पुढील वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. सोळाव्या वर्षी त्यांची ३० मीटरची चाचणी घेऊन आपण काय लिहिले असते, हे मी स्वतःला अधूनमधून विचारतो.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर

मी खेळाडू नाही, केवळ प्रेक्षक. पण माझा भाचा टेक्सासमध्ये शिकतो आणि तिथल्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलविषयी तासन्‌तास बोलतो, म्हणून एक भर घालतो. तिथे शाळकरी खेळाडूंना एक ते पाच तारे देतात आणि प्रत्येक विद्यापीठाच्या नव्या भरतीची क्रमवारी लावतात, म्हणजे आपल्या प्राचार्यांचा प्रश्न तिथे राष्ट्रीय छंद आहे. तारे बऱ्याच अंशी खरेही ठरतात. तरीही जॉश ॲलन या खेळाडूला शाळेतून निघताना एकाही मोठ्या विद्यापीठाने विचारले नाही. तो कॅलिफोर्नियातील एका लहान महाविद्यालयात वर्षभर खेळला, तिथून वायोमिंग विद्यापीठात गेला आणि २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत सातव्या क्रमांकावर उचलला गेला.

त्यांची एक प्रथा मला आवडली. पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची मुभा तिथे वर्षानुवर्षे होती, त्यामुळे नवख्याला पहिले वर्ष संघाबरोबर फक्त सराव करता यायचा आणि त्याचा हंगाम वाया जात नसे. २०१८ पासून अशा वर्षातही चार सामने खेळण्याची सवलत मिळाली. बीडच्या सरांचा आक्षेप आणि परभणीच्या सरांचा सल्ला यांच्यामध्ये हा रस्ता बसेल का, हे जाणकारांनी ठरवावे. अर्थात तिथल्या मुलांना जेवण, वसतिगृह आणि फिजिओ सगळे विद्यापीठ देते. आपल्याकडे शेंगदाणे-गूळ मॅडमच्या पर्समधून येतात.

मैदानकरी, धाराशिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात केलेल्या गोष्टी लिहितो.

परभणीच्या सरांचे दोन प्रश्न विचारले. राज्यस्तर खेळलेल्या तिघींपैकी दोघींनी तत्काळ उत्तर दिले. तिसरी हसली आणि "सर, मी पाणी द्यायचे" असे म्हणाली. तिच्या त्या प्रामाणिकपणामुळे ती मला अधिक आवडली. बसलेल्या मुलींकडे पाहायला लागलो तेव्हा जिल्हास्तर खेळलेली एक ठेंगणी मुलगी प्रथमच डोळ्यांत भरली. माझ्या चाचणीच्या तक्त्यात ती अकराव्या क्रमांकावर आहे. वेगवान मुलीला चालवणे सुरू केले. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली, कारण आयुष्यात प्रथमच तिला कोणी हळू जायला सांगत होते.

पाच जागांपैकी तीन आजच्या कामगिरीवर देत आहे: राज्यस्तरावर प्रत्यक्ष खेळलेल्या दोघी आणि ती ठेंगणी मुलगी. चौथी वेगवान मुलीची. तिला सोप्या सामन्यांत शेवटच्या तुकडीत उतरवीन. पाचवी जागा बीडच्या सरांचे पटल्यामुळे अशा मुलीला दिली आहे, जिचे आईवडील कारखान्याला जाणार आहेत आणि जी आजीजवळ राहून खेळायचे म्हणते. खेळात ती आज आठवी-नववी असेल. हा निर्णय खेळाच्या निकषावर टिकणार नाही, हे मला मान्य आहे.

प्राचार्यांना "उत्तम", "साधारण" असे काही न लिहिता प्रत्येकीच्या नावापुढे आज काय येते आणि जानेवारीत काय यायला हवे, एवढे दोनच रकाने भरून दिले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि "म्हणजे बॅच चांगली आहे ना?" असे विचारले. मी हो म्हणालो.

ग्रामीण रुग्णालयातून चौदाही जणींचे रक्ताचे अहवाल शनिवारी मिळतील. मैदानावर मुरूम टाकून देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने मात्र अजून तारीख दिलेली नाही.