पिकअपमागे ट्रेलर लावून मिनी ट्रॅक्टर कुंभार्ली घाट उतरवावा का?

प्रश्न (कराड)
नमस्कार. भाताच्या चिखलणीसाठी आमचा मिनी ट्रॅक्टर कराडहून चिपळूणकडे पाहुण्यांच्या शेतावर न्यायचा आहे. ट्रॅक्टर साधारण 800 किलोचा असून, गावात बनवून घेतलेल्या एका आसाच्या ट्रेलरचे वजन 400 किलो भरते. ट्रेलरला ब्रेक नाहीत. पिकअपची क्षमता दीड टनाची असल्याने अडचण येऊ नये, असे वाटते. तरी पावसात घाट उतरताना गाडी आवरेल का आणि ट्रॅक्टर ट्रेलरवर नेमका कुठे उभा करावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (पाटण)
दादा, दीड टन ही हौद्यात भरायच्या मालाची क्षमता आहे. हुकाला किती ओढता येईल, हा आकडा वेगळा असतो. तो कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा, आणि तिथे नसेल तर ओढण्याचा विचार सोडावा. ट्रेलरला ब्रेक नसल्याने उतारावर ते 1200 किलो थांबवण्याचे सगळे काम पिकअपच्याच ब्रेकवर येते. कुंभार्लीच्या ओल्या वळणांवर सतत ब्रेक दाबत राहिल्यास ते तापून पकड सोडतात आणि वळणात ट्रेलर गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलतो. ब्रेक नसलेला हा ट्रेलर मी त्या घाटात नेणार नाही.

ट्रेलरला ब्रेक बसवून घेतलेत, तर वजनाची मांडणी महत्त्वाची ठरते. हुकावर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 120 ते 180 किलो भार यायला हवा. भरलेला ट्रेलर सपाट जागी उभा करून, चाकांना ठोकळे लावून, त्याची दांडी हुकाच्याच उंचीवर वजनकाट्यावर टेकवली की तो आकडा कळतो. तो कमी भरला तर ट्रॅक्टर थोडा पुढे घ्यावा. मागे जड झालेली बैलगाडी जशी उलाळते, तसा हा ट्रेलर हूक वर उचलू पाहतो आणि वेग वाढताच डुलू लागतो. असे डुलणे सुरू झाले तर जोरात ब्रेक न दाबता, स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रल कधीही करू नये.

उत्तर (सातारा)
1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो, त्यामुळे त्याची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते. गावात बनवलेल्या ट्रेलरबाबत हे आधी विचारून घ्यावे आणि विमाही तपासावा.

उत्तर (कराड तालुका)
हौद्याची लांबी मोजून पाहिलीत का? ट्रॅक्टर आत बसत असेल तर ट्रेलरची गरजच उरत नाही. मजबूत रॅम्पवरून चढवावा, गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चारही कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट किंवा साखळीने चासीला आवळून बांधावा. केवळ दोराच्या भरवशावर राहू नये. रोटाव्हेटर मात्र दुसऱ्या फेरीला न्यावा, कारण दोन्ही एकत्र भरले तर वजन किती होते हे आधी काट्यावरच पाहावे लागेल. कोयनानगरला थांबून बेल्ट पुन्हा आवळावेत आणि मगच घाटाला लागावे.