गर्भपातानंतरची चाचणी, पाळत आणि लाज

वर एका ताईंनी विचारलंय: गर्भपाताला तीन आठवडे झाले, चाचणी अजून पॉझिटिव्ह, नवरा फोन तपासतो, गर्भनिरोधक गोळ्या फेकून देतो, आणि स्वतःचीच लाज वाटते.

ताई, एचसीजी, म्हणजे चाचणीत दिसणारं गरोदरपणाचं संप्रेरक, हळूहळू उतरतं, चार आठवड्यांपर्यंत चाचणी अशी येऊ शकते. मळमळ टिकून असेल तर सोनोग्राफी करा. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले, किंवा ताप व दुर्गंधी असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

गर्भनिरोधक सुरू करायला पाळीची वाट पाहू नका. दहा दिवसांतही पुन्हा बीज सुटू शकतं. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन घरात सापडत नाही, मात्र त्याने पाळी बदलते आणि ते नवऱ्याच्या लक्षात येऊ शकतं. तांबीचे दोरे आखूड कापायला सांगा, नाहीतर त्याच्या हाताला लागतात. फोनमधलं सगळं एकदम पुसू नका, त्यानेच संशय वाढतो. विश्वासातल्या बाईचा फोन वापरा.

लाजेचं म्हणाल, तर गोळ्या फेकून गर्भ लादणं हा छळ आहे, आणि तो त्याने केलाय. सुरक्षित गर्भपाताने वंध्यत्व येत नाही, कुणी काहीही टोमणे मारोत. समुपदेशनाला एकट्याच जा. त्याच्यासमोर बोललेलं घरी गेल्यावर तुमच्यावरच उलटवलं जाईल.