१९ हजार डॉलरच्या वर दिले तर? घरच्या ग्रुपवरची चर्चा

काकू (एडिसन): अगं, आहेस का? आमच्या दादाच्या नव्या घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, पुढच्या महिन्यात आहे. आम्हा दोघांना मिळून त्याला एक लाख डॉलर द्यायचेत. पण हे म्हणतात, १९ हजारांच्या वर दिले की गिफ्ट टॅक्स बसतो, म्हणून दरवर्षी थोडे थोडे देऊ. तोवर घर थांबणार आहे का?

भावोजी (सॅन होजे): मलाही फॉरवर्ड आलाय. १९ हजारांच्या वरच्या प्रत्येक डॉलरवर ४० टक्के. टाकू का इथे?

मी: भावोजी, नका टाकू. ४० टक्के हा वरचा दर खरा आहे, पण तो आपल्या घरात कुणाला लागायची वेळ यायची नाही. दर वर्षी टॅक्सच्या मोसमात ऑफिसात हाच प्रश्न येतो. नुसत्या धास्तीपोटी आईवडील मुलांना द्यायचे पैसे अडवून ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी: काकू, १९ हजार ही देण्याची मर्यादा नाही. एका माणसाने एका माणसाला एका वर्षात १९ हजारांपर्यंत दिले, तर सरकारला काही कळवायचीसुद्धा गरज नाही. २०२५ मध्ये हाच आकडा होता, २०२६ मध्येही तोच आहे. त्याच्या वर दिले की देणाऱ्याने फॉर्म ७०९, म्हणजे भेट कळवण्याचा फॉर्म, भरायचा. फॉर्म भरला म्हणजे टॅक्स भरला असं होत नाही. वरची रक्कम तुमच्या आयुष्यभराच्या सूटीतून वजा होते, एवढंच. ती सूट २०२६ साठी माणशी दीड कोटी डॉलर आहे. ती पूर्ण संपल्यावरच टॅक्सचा प्रश्न येतो.

काकू (एडिसन): दीड कोटी? डॉलर?

मी: हो, डॉलर. आणि माणशी. काकांची वेगळी, तुझी वेगळी.

मी: आता तुमचा हिशोब. घर दादा आणि वहिनी दोघांच्या नावावर होतंय ना? मग काकांचे दादाला १९, वहिनीला १९, तुझे दादाला १९, वहिनीला १९. झाले ७६ हजार. यावर काही भरायचं नाही, कळवायचं नाही. एक लाखातले उरले २४ हजार, म्हणजे तुमच्या दोघांच्या वाट्याला बारा-बारा. दोघांनी आपापला फॉर्म ७०९ भरायचा, कारण हा फॉर्म नवरा-बायकोला एकत्र भरता येत नाही. मुदत १५ एप्रिल २०२७. तुमची प्रत्येकाची सूट १ कोटी ५० लाखांवरून १ कोटी ४९ लाख ८८ हजारांवर येईल. टॅक्स शून्य.

दादा (डॅलस): आणि मी काय भरायचं? माझ्या इन्कममध्ये दाखवायचे का?

मी: काही नाही. भेट हे उत्पन्न नाही. जबाबदारी देणाऱ्याची असते.

काका (एडिसन): बाळ, मी १९८४ मध्ये आलो तेव्हा हा आकडा १० हजार होता. ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने तेव्हाच बजावलं होतं, की याच्या वर मुलांना कधी काही देऊ नकोस. चाळीस वर्षं तेच धरून बसलोय.

मी: काका, तेव्हा ते सांगणं अगदीच निराधार नव्हतं. १९८७ पासून १९९७ पर्यंत आयुष्यभराची सूट ६ लाख डॉलर होती. मागे राहणारं घर, विमा, रिटायरमेंटचे पैसेही त्याच सूटीत धरले की नोकरदार माणूसही सहा लाखांच्या आसपास पोचायचा. मग त्यातली एकेक हजाराची सूटही जपून वापरावी लागायची. पुढे सूट वाढत गेली, २०१८ मध्ये तर एकदम दुप्पट झाली. ती २०२५ अखेर पुन्हा जवळपास निम्मी व्हायची होती, म्हणून गेली दोन वर्षं श्रीमंतांच्या वकिलांकडे रांगा होत्या. जुलै २०२५ च्या कायद्याने ते टळलं. २०२६ पासून दीड कोटी, आणि पुढे महागाईप्रमाणे वाढ. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला त्या काळाचा होता.

वहिनी (डॅलस): बँकेने गिफ्ट लेटर मागितलंय. त्यावर आईबाबांची सही हवी.

काकू (एडिसन): करू की सही. आणि तुम्हाला जमेल तसे पाच-सात वर्षांत परत द्या, घाई नाही.

मी: काकू, इथे जरा थांब. गिफ्ट लेटरवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे पैसे परत करायचे नाहीत. घरात "परत द्या" आणि बँकेला "परत नकोत", असं चालणार नाही. कर्जाच्या अर्जात ती खोटी माहिती ठरते, आणि अडचणीत दादा येतो. आधी तुम्ही दोघं ठरवा: देताय की उसने देताय? उसने असतील तर बँकेला तसं सांगायचं, कागद करायचा, आणि आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, दर महिन्याला जो किमान व्याजदर जाहीर करतं तो लावायचा. एवढ्या रकमेवर बिनव्याजी दिले तर सोडलेलं व्याजही भेट धरलं जाऊ शकतं. दोन्हीपैकी काहीही करा, पण एकच करा.

काका (एडिसन): देतोय. परत नकोत. मी काकूशी बोलतो.

काकू (एडिसन): अहो मी इथेच आहे 🙂 परत नकोत. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं.

काका (एडिसन): मग आणखी एक. मी आता ७४ चा झालो. हे घर दादाच्या नावावर करून टाकावं म्हणतो. माझ्या मागे कोर्टकचेरी नको. दीड कोटीची सूट आहे तर आता अडचणच नाही ना?

मी: काका, हे मात्र नका करू. मनातली काळजी कळते मला, पण आपल्या लोकांचं खरं नुकसान इथे होतं. गिफ्ट टॅक्समध्ये काहीच जात नाही, जातं ते कॅपिटल गेन्समध्ये, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या करात.

मी: समजा घर तुम्ही १९९१ मध्ये १ लाख ८० हजारांना घेतलं आणि आज त्याचे साडेसहा लाख येतात. जिवंतपणी दादाला भेट दिलंत, तर तुमची खरेदी किंमतही त्याच्याकडे जाते. म्हणजे तो उद्या विकायला गेला की ४ लाख ७० हजारांचा नफा त्याच्या माथी. राहत्या घराला मिळणारी सूट त्याला नाही, कारण तो डॅलसमध्ये राहतो. तेच घर मृत्युपत्राने त्याच्याकडे गेलं, तर निधनाच्या दिवशीचा बाजारभाव हीच त्याची खरेदी किंमत धरतात. लगेच विकलं तर नफा जवळजवळ शून्य. जुन्या शेअर्सचंही असंच. शंभरचे हजार झालेले शेअर भेट देऊ नका. रोख द्या, किंवा फारसे न वाढलेले द्या.

मी: असलं बोलायला जीभ अडखळते, काका. पण तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते. कोर्ट टाळायचं असेल तर वकिलाकडून लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीतच घर ठेवायचा ट्रस्ट, करून घ्या. तसा साधा ट्रस्ट केला तर घर तुमच्याच ताब्यात राहतं आणि हा फायदाही जात नाही. बेसमेंट केलंत, छप्पर बदललंत, त्याच्या पावत्या जपून ठेवा. तो खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो.

काका (एडिसन): बरं झालं विचारलं. पुढच्या आठवड्यात वकिलाकडे कागद करायला जाणारच होतो.

भावोजी (सॅन होजे): पण नवरा-बायकोत तर कितीही देता येतं ना? काका शेअर्स काकूंच्या नावावर करू शकतात.

मी: घेणारा अमेरिकन नागरिक असेल तर कितीही. काकूंकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. अशा वेळी २०२६ साठी वर्षाला १ लाख ९४ हजारांपर्यंतच सूट आहे, त्यावर गेलं की ७०९. आपल्या समाजात एकजण नागरिक आणि दुसरा ग्रीन कार्डवर, अशी पुष्कळ घरं आहेत. म्हणून लक्षात असू द्या. टॅक्स इथेही लगेच नाही, पण फॉर्म राहून जातो.

वहिनी (डॅलस): आणि आमच्या चिनूच्या कॉलेजचं? बाबा म्हणत होते पहिल्या वर्षाची फी ते देणार. मग तेही या १९ हजारांत धरायचं?

मी: वहिनी, नाही, फक्त फी थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यात जायला हवी. शिकवणी फी आजोबांनी थेट कॉलेजला भरली तर ती भेट धरतच नाहीत. कितीही असो, फॉर्मही नको. हॉस्पिटलचं बिल आणि आरोग्य विम्याचा हप्ता यांनाही तोच नियम. पण तेच पैसे आधी तुमच्या खात्यात आले आणि तुम्ही भरले, तर ही सवलत गेली. हॉस्टेल, मेस, पुस्तकं यात येत नाहीत, ती चिनूच्या १९ हजारांत. म्हणजे काका, तुमचे आणि काकूंचे मिळून चिनूसाठी ३८ हजार वेगळे आहेतच. फीचं पोर्टल उघडून आजोबांना दाखवा, चेक घेऊ नका.

आत्या (पुणे): मी मघापासून वाचतेय. मलाही दादाला द्यायचेत. कोथरूडचा फ्लॅट विकला, त्यातले एक कोटी. इथे सीए म्हणतो टॅक्स नाही. तिथे आहे का?

मी: आत्या, तुझा सीए बरोबर आहे. आत्याने भाच्याला दिलेली भेट भारतात करमुक्त. फ्लॅटच्या नफ्यावरचा कर मात्र वेगळा, तो तुला भरावाच लागेल. पाठवताना एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यात तू बसतेस. पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. तो तुझ्या रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, तरी तेवढे १८ लाख तोवर अडकतील. तयारी ठेव.

मी: दादा, आता तुझं काम. आत्या अमेरिकेची नागरिक नाही, इथली रहिवासीही नाही, आणि पैसे तिच्या भारतातल्या खात्यातून येतायत. त्यामुळे गिफ्ट टॅक्स तिलाही नाही, तुलाही नाही. पण परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर मिळाले की फॉर्म ३५२० भरावाच लागतो, आणि तो घेणाऱ्याने. एक कोटी रुपये आजच्या भावाने लाखाच्या वर जातात. आत्या आणि तिच्या यजमानांनी वेगवेगळे पाठवले तरी बेरीज एकत्र होते. तो नेहमीच्या रिटर्नमध्ये जात नाही, वेगळा पाठवायचा, मुदत मात्र रिटर्नचीच. विसरलास तर दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत.

दादा (डॅलस): म्हणजे टॅक्स शून्य आणि दंड २५ हजार डॉलर?

मी: तसंच. १९ हजारांची सगळ्यांना भीती, आणि या फॉर्मचं नावही कुणाला ठाऊक नसतं. बँकेची पावती आणि आत्याचं दोन ओळींचं भेटपत्र आजच मागून ठेव.

आत्या (पुणे): दादा दर महिन्याला मला औषधांसाठी पाठवीन म्हणतोय. मी नको म्हणते, पण ऐकत नाही. त्याचं काय?

मी: आत्या, इथे भारताचा कायदा उलटा फिरतो. तू भाच्याला दिलंस तर करमुक्त, पण भाच्याने आत्याला दिलेलं तसं नाही. घेणाऱ्याच्या नातेवाइकांच्या यादीत आईवडिलांची भावंडं आहेत, भावाची मुलं नाहीत. त्यामुळे दादाकडून वर्षात ५० हजार रुपयांच्या वर आले, तर ते सगळे तुझं उत्पन्न धरतील. भाऊ मात्र यादीत आहे. काकांनी पाठवले तर तुला काही नाही.

काका (एडिसन): मग मीच पाठवतो. आणि माझ्या बाजूने १९ हजार डॉलर परदेशातल्या बहिणीलाही लागू?

मी: लागू. तुम्ही नागरिक आहात, घेणारा जगात कुठेही असो. वर्षाला १९ हजारांच्या आत पाठवा, फॉर्मही नको.

काका (एडिसन): ताई, एक तारखेपासून येतील. औषधांच्या दुकानाची उधारी आधी चुकती कर.