मदत हवी आहे: बाबा टीव्ही सोडून मोबाईलवरच सिनेमे बघतात, मोठा टीव्ही घेऊ का?

नमस्कार मंडळी,

टीव्ही-मोबाईलमधलं कळणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे, नाशिककर असाल तर उत्तमच.

आई-बाबा इंदिरानगरला राहतात, मी गंगापूर रोडला. बाबा सत्तरीच्या पुढचे. हॉलमध्ये ३२ इंची टीव्ही आहे. जुना आहे, स्मार्ट नाही, पण ठणठणीत चालतोय. तरी बाबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आहे, अगदी शब्दशः. हॉलमध्येच जेवणाच्या टेबलाशी टीव्हीकडे पाठ करून बसतात. समोर पोह्यांचा स्टीलचा डबा, त्याला टेकवलेला मोबाईल, कानात वायरवाले इअरफोन. मागे आईच्या मालिका चालू आणि पुढे यांचा अडीच तासांचा सिनेमा. मध्ये फोन आला की चिडचिड.

मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत. आता मान आखडते म्हणतात. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि मोबाईल कमी करा असं सांगितलं. ते कोण ऐकतंय!

भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो, ५५ इंची घेऊन टाक, अर्धे पैसे माझे. महात्मा गांधी रोडवर चौकशी केली तर तिथला सेल्समन ५५ च्या खाली यायलाच तयार नाही. पण सोफा ते टीव्हीची भिंत जेमतेम सात फूट. एवढ्याशा हॉलमध्ये ५५ इंची म्हणजे अंगावर नाही का येणार? बाबांना विचारलं तर एकच उत्तर, "मला इथंच बरं दिसतं." सहा-साडेसहा इंचांवर कसलं आलंय बरं, मला काही पटत नाही.

तर टीव्ही घ्यावा का, किती इंची घ्यावा, की टॅब देऊन मोकळं व्हावं? आणि बाबांच्या रिचार्जबरोबर जे ओटीटी फुकट आलंय ते टीव्हीवर चालतं का? प्रोजेक्टर कुणी वापरलाय का?

सातपूरकर

ताई, बाबांचं म्हणणं तितकं चूक नाही. डोळ्याला चित्र केवढं दिसतं हे नुसत्या इंचांवर नाही, अंतरावरही ठरतं. मोबाईल आडवा धरला की पडद्याची रुंदी साधारण १५ सेंमी, आणि तो डोळ्यांपासून ३५ सेंमीवर. तुमचा ३२ इंची टीव्ही रुंदीला ७१ सेंमी भरतो, पण तो सात फुटांवर म्हणजे २१३ सेंमीवर. भागाकार करा: मोबाईलचा ०.४३, टीव्हीचा ०.३३. म्हणजे बाबांना डब्याला टेकवलेलं चित्र खरोखरच मोठं दिसतं. त्याच जागी ४३ इंची (रुंदी ९५ सेंमी) लावला तर तो मोबाईलची बरोबरी करेल. ५५ इंची त्याच्या पुढे जाईल, अंगावर वगैरे येणार नाही. फोर-के, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांचा पडदा असेल तर सात फुटांवरून चित्रातले ठिपकेही दिसणार नाहीत.

प्रोजेक्टर विसरा. दिवसा पडदे ओढून अंधार करावा लागेल, आणि तो बाबांपेक्षा आईला जास्त त्रासाचा.

दूरदृष्टी

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणून एक विचारतो. बाबांचा चष्मा बायफोकल आहे का? आणि मोबाईल टेबलावर डोळ्यांच्या उंचीला येतो का?

धागाकर्ती

हो, बायफोकल आहे. आणि डब्याखाली दोन जुने दिवाळी अंक ठेवून उंची वाढवली आहे, तीही मीच! मान खाली घालायला नको म्हणून.

दूरदृष्टी

मग मानेचं दुखणं तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना जी लेन्स बसवतात ती लांबचं स्वच्छ दाखवते, जवळच्यासाठी चष्मा लागतोच. बायफोकलमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. वस्तू डोळ्यांसमोर उंचावर असली की त्या खालच्या भागातून बघण्यासाठी माणूस हनुवटी वर करून बसतो. बाबांना बाजूने बघा, तसंच बसत असतील. दिवाळी अंक काढून घ्या, किंवा फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. टीव्हीला हा प्रश्नच येत नाही, तो वरच्या काचेतून सरळ दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा मात्र.

शिवाय पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायला सांगा. बाल्कनीतलं झाड चालेल.

पंचवटीची मावशी

फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांची हिंदुस्थान सिनेमा कंपनी नाशिकला होती, आणि आज त्याच नाशिकचा माणूस सिनेमा पोह्यांच्या डब्याला टेकवून बघतोय! उंटवाडीच्या मॉलमध्ये घेऊन जा त्यांना सकाळच्या खेळाला. गर्दी नसते.

धागाकर्ती

मावशी, नेलं होतं. एसीची थंडी वाजते म्हणून मध्यंतरातच घरी चला म्हणाले. 😄

देवळाली कॅम्प

आमच्या सासऱ्यांचं हुबेहूब हेच. सगळे "दिसतं का" विचारतायत, "ऐकू येतं का" हे कुणी विचारलं का? हल्लीचे टीव्ही पातळ, स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून. आवाज भिंतीवर आपटून येतो, वर पंखा. गाणी घणघणतात आणि संवाद पुटपुटल्यासारखे लागतात. इअरफोनमध्ये तोच संवाद थेट कानात. सासऱ्यांनी मोबाईल धरला होता तो आवाजासाठी, पडद्यासाठी नाही. ५५ इंची आणलात तरी बाबा टेबलावरच दिसतील.

धागाकर्ती

देवळालीकर, आत्ता फोन करून विचारलं. बाबा म्हणाले, "टीव्हीवर माणसं काय बोलतात ते कळतच नाही. आवाज वाढवला की तुझी आई ओरडते." इतके महिने हे सांगितलं का नाही, तर म्हणे "तू इंचांचंच विचारत होतीस." घ्या!

मग आता काय करू?

सातपूरकर

मग एवढ्यात टीव्ही बदलू नका. जुन्या टीव्हीला मागे एचडीएमआय, म्हणजे चित्र-आवाजाच्या केबलची खाच असणार. एक सेट टॉप बॉक्सने अडवलं असेल, दुसरं रिकामं आहे का बघा. त्यात स्ट्रीमिंग स्टिक लावा, म्हणजे साध्या टीव्हीवरही ओटीटी दिसेल. स्टिकला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो. पण जोडला की टीव्हीचा आवाज सहसा बंद होतो, तेव्हा आईबरोबर बघायचं असेल तर सोफ्याजवळ छोटा स्पीकर बरा. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज ५.१ वर (सहा स्पीकरांसाठीचा) असेल तर स्टिरिओ (दोन स्पीकरांसाठीचा) करा, संवाद पुष्कळदा सुधारतात. सबटायटल्सही चालू ठेवा, भाषा कळत असली तरी.

रिचार्जबरोबरचं ओटीटी बऱ्याचदा फक्त मोबाईलपुरतं असतं, अटी वाचून घ्या. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये भारतात आणलेला स्वस्त मोबाईल प्लॅन असाच, टीव्हीवर चालत नाही. मोबाईलचा पडदा टीव्हीवर मिरर करायला जाल तर अनेक ॲप्स नुसता काळा चौकोन दाखवतात. तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे.

आणि डेटा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातो. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर टीव्ही चालायचा नाही, केबलवाल्याकडून फायबर घ्या.

धागाकर्ती

फायबर आईने मालिकांसाठी आधीच घेतलंय, बाबा पासवर्ड विचारत नव्हते इतकंच. एचडीएमआय आईला टॉर्च लावून बघायला सांगितलं, एक रिकामं आहे. स्टिक आणि हेडफोन या रविवारी. मोठ्या टीव्हीचं दिवाळीला बघू, तोही ४३ पुरे.

शेवटचं एक. टीव्ही शोकेसच्या वर, बराच उंच लावलाय. तो खाली घ्यावा लागेल का?

दूरदृष्टी

घ्याच. बाबांना सोफ्यावर बसवा, चष्मा लावून समोर बघायला सांगा आणि डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण करा. पडद्याचा मध्य त्या खुणेच्या आसपास हवा. भोकं पाडायच्या आधी आईला विचारा, शोकेस त्यांची असणार.