मदत हवी आहे: टाचदुखीसाठी मापाचे इन्सोल (बुटात घालायचे आतले तळवे) करून घ्यावेत का? (गोवा)

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ कळंगुटला एका हॉटेलात स्टुअर्ड आहे. आम्ही साखळीचे. गेल्या सीझनच्या अखेरीपासून त्याची उजवी टाच दुखतेय. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की काच रुतावी तशी कळ येते, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जातो. थोडं चाललं की बरं वाटतं. मग ड्युटी संपत आली की पुन्हा ठणका, आणि जरा बसून उठला की परत तेच. सूज नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. साखर तपासली, ती ठीक आहे. वय ४१, वजन अलीकडे वाढलंय.

हाडांच्या डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला तसा तो कळवळला. निदान प्लांटार फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसतं. डॉक्टर म्हणाले, असं हाड काही न दुखणाऱ्या माणसांच्या टाचेतही सापडतं, त्याच्या मागे लागू नका. पण घरात सगळ्यांनी हाडाचाच धसका घेतलाय. आई रोज रात्री एरंडाचं पान गरम करून बांधते.

खरा प्रश्न पुढे आहे. एका क्लिनिकमध्ये त्याला यंत्रावर उभं करून पायाचा रंगीत नकाशा काढला आणि सांगितलं, पाय सपाट आहेत, मापाचे इन्सोल घातल्याशिवाय दुखणं जाणार नाही. किंमत जवळजवळ त्याच्या अर्ध्या पगाराएवढी. ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की दहा-दहा तास उभं राहावं लागणार, म्हणून दादा पैसे भरायला निघालाय. घर त्याच्याच पगारावर चालतं. त्याचं दुखणं जावं म्हणून मी काहीही करीन, पण नुसत्या एका स्कॅनवर एवढा खर्च करायला मन धजत नाही.

मी थोडं वाचलं. ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मापाचे, तयार आणि तुलनेसाठी नुसते मऊ असे तीन तऱ्हेचे इन्सोल दिले होते. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांना चालण्या-वावरण्यात थोडा फायदा दिसला, तोही जवळपास सारखाच. वर्षानंतर तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. मग आधी तयार इन्सोल घेऊन बघणं शहाणपणाचं नाही का? शिवाय हॉटेलचे काळे बूट अरुंद आणि आतून सपाट आहेत. त्यांत इन्सोल बसेल तरी का? आणि टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी घेतलंय का? गोव्यात पाय नीट तपासून घ्यायला कुठे जावं, तेही सांगा.

माडाची सावली: ताई, माझे यजमान बँकेत काउंटरवर असतात, त्यांना हाच त्रास होता. त्यांना गुण आला तो व्यायामाने. पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीचा ताण वेगळा, भिंतीला हात टेकून. आणि घरात अनवाणी अजिबात नाही. आपल्याकडे घरात चप्पल घालायची सवय नसते, पण फरशीवर अनवाणी वावरलं तर व्यायामाचं सगळं पाण्यात जातं. देवघरापुरती काढा.

चिरेबंदी: मी ऑर्थोटिस्ट आहे, इन्सोल बनवणं हेच माझं काम. तरीही सांगतो, पहिल्याच टप्प्याला मापाचे नकोत. भावाला टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायला सांगा. तेव्हा तळव्याची कमान दिसत असेल तर तो लवचीक सपाट पाय आहे. असे पाय पुष्कळांचे असतात आणि बहुतेकांना काही होत नाही. कमान येतच नसेल, एका पायावर टाच उचलता येत नसेल किंवा पायाचा आकार अलीकडे बदलला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला थांबू नका. मधुमेहात संवेदना गेलेल्या पायांचीही गोष्ट वेगळी, तिथे मापाची पादत्राणं खरोखर लागतात. करायचेच ठरले तर ऑर्थोटिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि टोचले तर बदलून देणार का तेही. नुसत्या स्कॅनवर भागत नाही. घोटा, पोटरी, चाल आणि रोजचे बूट पाहिल्याशिवाय इन्सोल ठरवू नये.

बुटाबद्दल: आतला पातळ तळवा सुटा निघत असेल तर तो काढून पूर्ण लांबीचा घालता येतो. नसेल तर बोटांच्या मागेच संपणारा पाऊण लांबीचा घ्या. नवा इन्सोल पहिल्या दिवशी तासभरच, मग हळूहळू वेळ वाढवायची. एकदम पूर्ण ड्युटीला घातला तर गुडघे-कंबर कुरकुरतात.

इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा तुटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. सीझन काढायचा म्हणून घेऊ नका. तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हाडांच्या ओपीडीत जा आणि फिजिओथेरपीसाठी लिहून मागा. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात जातं, पण उपचार नेमाने करावे लागतात.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. दादाला आत्ताच चवड्यांवर उभं केलं, कमान छान दिसते. एका पायावरही टाच उचलता येते, फक्त दुखतं. क्लिनिकला तूर्त नको म्हणून कळवतोय आणि बांबोळीला जायचं ठरलंय. एवढंच आणखी सांगा: म्हापशात किंवा पणजीत रुंद चवड्याचे, न घसरणारे, आतला तळवा सुटा निघणारे काळे बूट कुठे मिळतील? हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं, रंग काळा असला तर त्यांची हरकत नाही.